न बघण्याचं काम

माझ्या वहिनीला काही कडू सांगायचं असेल तर तिच्या तोंडात नळी असताना सांगावं, हे तिच्या कामावर सगळ्यांना पाठ आहे. त्या वेळी ती उलट उत्तर देऊ शकत नाही.

नळी म्हणजे रबराची, करंगळीहून बारीक. एक टोक वहिनीच्या दातांत, दुसऱ्या टोकाला काचेची पोकळ काडी, तिचं भोक केसाएवढं. वहिनी सूक्ष्मदर्शकावर वाकते, श्वास किंचित आत ओढते आणि डिशमधलं म्हशीचं स्त्रीबीज त्या काडीत चढतं. श्वास किंचित सोडते, ते दुसऱ्या थेंबात उतरतं. नुसत्या डोळ्यांना ते बीज दिसलं तर दिसलं, नाहीतर धुळीचा कण. त्या क्षणी शिंक आली, हसू फुटलं, साधा उसासा निसटला, तरी गेलं. हल्ली हाताने चालवायची चांगली उपकरणं मिळतात. साहेबांनी एक आणूनही ठेवलं आहे. रोजच्या कामाला वहिनी ते वापरते, पण वेळ अवघड असली की तिचा हात नळीकडेच जातो. अंगठ्यापेक्षा श्वास जास्त ऐकतो म्हणते. प्रयोगशाळेत तिचं नावच पडलं आहे, फुंकर.

तर या नळीचा फायदा सगळे उठवतात. साहेबांना रजा नाकारायची असली की ते नळी तोंडात जायची वाट बघत दारात रेंगाळतात. माझ्या दादाने तर एकदा कामावरच्या माणसाकरवी फोन तिच्या कानाला लावून घेतला आणि रविवारी ऑफिसातली आठ माणसं जेवायला बोलावल्याचं सांगून टाकलं. वहिनीने नळी काढेपर्यंत फोन बंद. तो फोन धरणारा माणूस म्हणजे सिलिंडर. प्रयोगशाळेतला गॅस, वीज, पाणी सांभाळतो, अंगाने सिलिंडरसारखाच आहे आणि कुठेही ठेवला तरी सूं-सूं करत गाणी म्हणत असतो.

साहेब, सिलिंडर आणि फुंकर. तिघांचं मिळून काम एकच, चांगल्या म्हशीची बीजं काढून प्रयोगशाळेत त्यांचे गर्भ तयार करायचे आणि ते दुसऱ्या म्हशींच्या पोटात सोडायचे. गुणी म्हैस झाली तरी तिला एका वेताला एकच रेडकू. तिची बीजं मात्र दर खेपेला वाया जात असतात. ती वाया जाऊ द्यायची नाहीत. ऐकायला सोपं आहे. पण म्हैस हे प्रकरण गाईसारखं दिलदार नाही. बीजं थोडी देते, आणि देते ती अशी नाजूक की जरा गार वारा लागला, जरा उजेड जास्त झाला, की रुसली. शंभर बीजांमागे पोटात सोडण्याजोगे गर्भ किती मिळतात, हा एक आकडा वर सरकवण्यासाठी साहेबांनी अर्धं आयुष्य घातलं आणि उरलेलं अर्धं घालायच्या बेतात आहेत.

बीज फळलं की ते एका कपाटात जातं. फ्रीजएवढं कपाट, फक्त उलटं. आत म्हशीच्या पोटाइतकी ऊब, पोटाइतकी ओल आणि मोजून मापून मिसळलेली हवा. त्याला हे तिघे माहेर म्हणतात. एकदा गर्भ माहेरी गेले की ठरलेल्या दिवसापर्यंत दार उघडायचं नाही. साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगतात, माहेरी गेलेल्याच्या दारात रोज जाऊन उभं राहायचं नसतं, पाहुणचार बिघडतो.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी माहेरी गेलेलं कुणी धड परत येत नव्हतं.

गर्भ सुरुवात झकास करायचे. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि मग तिथेच थांबायचे. काळवंडायचे. साहेबांनी थेंबांवर घालायचं तेल बदललं, पाणी बदललं, खुराकाची बाटली बदलली, गॅस दुसरीकडून आणला. कशानेही फरक पडेना तेव्हा पाळी माणसांवर आली. गर्भांना वास सोसत नाहीत, म्हणून अत्तर बंद, सुगंधी साबण बंद, साहेबांचं दाढीनंतरचं ते निळं पाणी बंद, सिलिंडरच्या पेपरमिंटच्या गोळ्या बंद. वहिनीचं केसांचं तेल बंद झालं तेव्हा आईने तिच्या वेणीकडे बघून विचारलं, "केस आहेत की काथ्या? म्हशींसाठी सूनसुद्धा भादरणार का तुझे साहेब?" वहिनी हसली, पण तिचं हसू त्या दिवसांत ओठांच्या वर पोचत नव्हतं. वरच्या ऑफिसातून विचारणा सुरू झाली होती की काम दिसत नसेल तर खोली दुसऱ्या कुणाला द्यावी का.

नेमक्या त्याच दिवसांत तिने दूधवाल्या आजीला शब्द दिला.

दूधवाली आजी आमच्या गल्लीत दूध घालते. कुणाला चांगलं म्हणायची तिला सवय नाही. माझ्या वहिनीबद्दल तिचं मत असं, की स्वतःचं तोंड बंद ठेवून जगणारी बाई एक तर साधू असते किंवा लबाड, आणि ही साधू दिसत नाही. आजीचा जीव एकाच प्राण्यावर होता, जांभळीवर. जांभळी तिची म्हैस. कातडी खरोखरच जांभळट, शिंगं अशी वळलेली की आजी म्हणायची हिने अंबाडा घातलाय. एके काळी दूध इतकं द्यायची की शेजारचे गोठेवाले आजीकडे काहीतरी कारण काढून यायचे आणि जांभळीची कास बघून जायचे. पण मागची काही वर्षं ती गाभण राहत नव्हती. दर खेपेला उलटायची, म्हणजे पुन्हा माजावर यायची. आणि आता जनावरांच्या डॉक्टरने तिच्या पोटात गाठ असल्याचं सांगितलं होतं.

वहिनी तेव्हा गोठ्यात होती. डॉक्टर गेल्यावर आजी रडली नाही. तिने घमेलं उचललं, शेण भरलं, बाहेर नेऊन टाकलं, परत आली आणि घमेल्याकडेच बघत म्हणाली, "हिचं काही राहील का मागे?"

वहिनी कधी कुणाला शब्द देत नाही. तिच्या धंद्यात तो देताच येत नाही. त्या दिवशी तिच्या तोंडात नळी असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "एक तरी देईन, आजी."

साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आपले आत्ताचे आकडे बघून कुणी शब्द देतं का, असं त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच सुयांचा डबा, छोटी सोनोग्राफी आणि जांभळीसाठी भुलीचं इंजेक्शन गाडीत ठेवलं. जांभळी अजून उभी राहू शकत होती. उशीर करून चालणार नव्हतं.

गोठ्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत साहेबांनी तिची बीजं सुईने ओढून घेतली. वहिनीने तिथेच शेजारच्या खोलीत टेबल मांडून त्या लालसर पाण्यात बीजं शोधली. काही रिकामीच निघाली, काही फाटकी. धडधाकट निघाली ती सात. आजी दारात उभी राहून विचारत होती की एवढ्या मोठ्या म्हशीतून निघालं ते कुठे आहे. वहिनीने डिश दाखवली. आजीने डिश तिरकी करून बघायला हात पुढे केला आणि वहिनीने डिश मागे घेतली. "पाणी आहे नुसतं," आजी म्हणाली.

प्रयोगशाळेत ती सात बीजं आधी पिकवली, मग वीर्याशी गाठ घालून दिली. त्यानंतरचं काम वहिनीचं होतं. बीजांभोवतीचा पेशींचा गुंता सोडवायचा, ती स्वच्छ करायची आणि वाढीच्या थेंबांत एकेक करून ठेवायची. तिने हाताचं उपकरण बाजूला सारलं, नळी घेतली. सिलिंडरचं गाणं आपोआप बंद झालं. तिने गुंता सोडवला आणि सातही बीजं एकामागे एक काचेच्या काडीत ओढून घेतली. सगळी जांभळी त्या काडीत होती.

साहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले.

त्यांना वाईट बातमी हळूच द्यायची होती, आणि नळी तोंडात होती. ते म्हणाले की फुंकर, तू फार आस ठेवू नकोस. आजीला आजच सांग, नंतर जड जाईल. मग पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून सहज गेलं, "मागच्या खेपेतलेही गेलेच समज. कडेच्या थेंबातला एक बरा होता ना, तोही आज सकाळी काळा पडलाय."

वहिनी सांगते, त्या वाक्याचा अर्थ तिला आधी छातीत कळला आणि मग डोक्यात. मागची खेप म्हणजे दुसऱ्या म्हशींचे गर्भ, अजून माहेरीच होते. त्यांचं दार उघडायचा दिवस आला नव्हता. मग आज सकाळी कडेच्या थेंबात काय झालं ते साहेबांना कसं माहीत?

श्वास एकदम आत जाऊ पाहत होता. गेला असता तर सातही बीजं काडीतून रबरात आणि रबरातून तिच्या तोंडात. तिने जीभ नळीच्या तोंडावर दाबून धरली. नाकाने श्वास घ्यायचाही धीर होईना. डोळ्यांपुढे काडीतल्या सात ठिपक्यांची रांग थरथरत होती. साहेब मागे बोलतच होते, वरचं ऑफिस, खोली, बदली. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. थरथर थांबेपर्यंत ती तशीच वाकून राहिली. मग जीभ सोडली, मोहरीएवढा श्वास दिला. पहिलं बीज थेंबात उतरलं. दुसरं. तिसरं काडीच्या तोंडाशी अडलं, तिने काडी जरा तिरकी केली, तेही गेलं. सातवं उतरल्यावर तिने डिश झाकली, माहेरात ठेवली, दार लावलं आणि नळी काढली.

"साहेब, तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"कडेच्या थेंबातला काळा पडला ते."

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "बघितलं एकदा."

"रोज बघता?"

"रोज असं नाही. म्हणजे रोजच, पण एकदाच. तू जेवायला जातेस तेव्हा. पटकन."

सिलिंडर हसला आणि हसता हसता मध्येच थांबला. मग त्याने मान खाली घालून सांगितलं की सकाळी गॅसचा आकडा बघताना त्याचंही दार उघडणं होतं. तिथे उभंच असतो म्हणून एक डिश काढून तोही बघतो. पोरं कशी आहेत एवढंच. फार वेळ नाही.

दोघं वहिनीकडे बघत होते. तिने रागवावं अशी वाट बघत होते बहुधा. वहिनी स्टुलावर बसली.

"मी संध्याकाळी निघताना बघते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं हात धुवायला गेलात की."

दार उघडलं की आतली ऊब बाहेर पडते, मापाची हवा बिघडते, आणि ती पुन्हा जमायला वेळ लागतो. डिश बाहेर काढली की वर गारवा आणि उजेड. हे तिघांनाही पक्कं माहीत होतं. साहेब तर हे फळ्यावर चित्र काढून शिकवतात. आणि एखाद्या वेळी उघडलं तर गर्भ सोसतातही. पण इथे तिघांपैकी प्रत्येकजण आपण एकटेच चोरून बघतो असं समजत होता. मुळात गर्भ का बिघडले असतील कोण जाणे, एखादी तेलाची बाटली खराब असेल, ती केव्हाच फेकून झाली होती. पण तेव्हापासून काळजी लागली, काळजीने दार उघडलं, दाराने गर्भ बिघडले आणि गर्भ बिघडले म्हणून काळजी वाढली.

"असंच असेल असं नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"नसेलही," वहिनी म्हणाली. "पण आता बघायचं नाही. कुणीच नाही. मीसुद्धा."

तिने मागच्या खेपेच्या डिशा काढून टाकल्या. त्यात राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग माहेराच्या दारावर कागदाची चिकटपट्टी आडवी लावली आणि तिघांनी तिच्यावर आपापली वेडीवाकडी रेघ ओढली. फाडली तर रेघ पुन्हा जुळणार नाही अशी. सिलिंडर म्हणाला, आता चोर पण आपण आणि पोलीस पण आपणच.

बघत राहण्याची सवय लागलेल्या माणसाला न बघणं म्हणजे काय, ते आम्ही घरी बघितलं. वहिनीचा झाकणांवर संशय बसला. ती भाजी शिजत ठेवायची आणि झाकण उचलायचीच नाही. त्या आठवड्यात आम्ही दोनदा करपलेलं खाल्लं. आई पहिल्यांदा गप्प बसली, दुसऱ्यांदा म्हणाली की अगं, भाजीला तरी बघितलेलं चालतं. दादाने विचारलं की आत काय चाललंय याचा काही अंदाज? वहिनीने नकारार्थी मान हलवली. समजा सातही पहिल्याच दिवशी मेले असतील, तर तू आठवडाभर मेलेल्यांची राखण करणार, असं तो म्हणाला. त्याला वाईट बोलायचं नव्हतं. तो हिशेबी माणूस आहे. वहिनी उठून भांडी घासायला गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत राहिली.

कामावर त्याहून वाईट. साहेब हात पाठीमागे बांधून फिरायचे, जसे काही हातच गुन्हेगार. सिलिंडर आकडे बघायला यायचा तेव्हा लांबूनच, मान लांब करून. एका दुपारी कपाटाने शिट्टी वाजवायला सुरुवात केली. गॅस संपत आला होता, वेळेच्या आधीच. दुसरी टाकी मागे होती, ती जोडायचा नट अडकला. सिलिंडर भिंतीपलीकडे पान्याशी झटत होता, इकडे पडद्यावरचा आकडा उतरत होता आणि शिट्टी कानात घुसत होती. साहेबांचा हात कपाटाच्या मुठीकडे गेला. उघडून करणार काय होते ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. वहिनी दाराला पाठ लावून उभी राहिली. तिच्या पाठीला पत्र्याची ऊब लागत होती. शिट्टी बंद झाली तेव्हा सिलिंडर पलीकडून ओरडला नाही, गायला नाही, नुसता घाम पुसत आत आला आणि विचारलं, "वाचले असतील?"

त्याचं उत्तर दाराच्या आत होतं.

दुसऱ्याच दिवशी पहाटे जांभळी गेली.

आजी थेट प्रयोगशाळेत आली. हातात दुधाची बरणी नव्हती, त्यामुळे ती वेगळीच दिसत होती, जशी कुणी तिची एक बाजू काढून घेतली असावी. साहेबांनी खुर्ची पुढे केली. आजी बसली नाही. ती त्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली.

"यात आहे?"

"हो," वहिनी म्हणाली.

"दाखव."

"आत्ता नाही दाखवता येत, आजी."

"म्हैस गेली माझी."

"कळलं मला. मी येणारच होते."

"तू येऊन काय करणार होतीस? मला तुझं येणं नको. आत आहे का नाही, एवढं बघू दे. मी हात लावत नाही."

साहेबांनी घसा साफ केला. फुंकर, आज एवढं एकदा, असं ते पुटपुटले. त्यांचे डोळे भरले होते. शेवटी तेही गोठ्यातच वाढलेले. सिलिंडर खिडकीकडे तोंड करून उभा होता. उघडावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, आणि सगळ्यांत जास्त वहिनीला. ती मला म्हणाली, पट्टीच्या कोपऱ्याखाली माझं नख गेलं होतं.

"नाही," तिने नख काढून घेतलं.

आजीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आत काही नाहीये. तुला ते ठाऊक आहे. म्हणून उघडत नाहीस."

हे खरं असू शकत होतं. रोज रात्री उशीवर डोकं टेकलं की वहिनीला हेच वाटायचं, की आपण गर्भ राखत नाही, आपली फजिती राखतो आहोत.

"असेल," ती म्हणाली. "नसेलही काही आत. पण असलं, आणि मी आत्ता उघडलं, तर उद्या नक्की नसेल."

"शब्द दिला होतास."

"म्हणूनच नाही उघडत."

आजी वळली आणि गेली. दारापर्यंत गेल्यावर तिने, मागे न बघता, अशी एक शिवी दिली की सिलिंडरलाही नवीन होती. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी दूध आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आईने पिशवीचं दूध आणलं, पातेल्यात ओतताना तिची चर्या अशी झाली की कुणी चहाचं नावच काढलं नाही.

उघडायच्या दिवशी पट्टी साहेबांनी कापली. तिन्ही रेघा जागच्या जागी होत्या. वहिनीने डिश काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि वाकली. सिलिंडरने भिंतीकडे तोंड केलं. मला तोंडी सांग, म्हणाला, मी बघणार नाही, माझी दृष्ट वाईट आहे.

"पहिला थांबलाय," वहिनी म्हणाली. "जुनाच. सुरुवातीलाच थांबला असणार."

तिने डिश जरा सरकवली.

"दुसरा पण. तिसरा... तिसरा पुढे गेला होता. मग फुटलाय."

साहेब वहीत फुल्या मारत होते.

"चौथा काळा."

शिट्टी झाली त्या दुपारची आठवण तिघांनाही एकाच वेळी आली असावी, कारण सिलिंडर हळूच म्हणाला की नट अडकायला नको होता.

"पाचवा रिकामाच आहे, फळलाच नव्हता."

सहाव्या थेंबावर ती गप्प झाली. आता तिच्या तोंडात नळी नव्हती, तरी ती बोलेना. साहेबांनी दोनदा काय, काय, असं विचारलं. ती बाजूला झाली आणि तिने त्यांना जागा दिली.

गर्भ फुगून गोल झाला होता. आत स्वच्छ पोकळी, एका बाजूला पेशींचा दाट झुबका, आणि भोवतीची भिंत इतकी ताणून पातळ झालेली की आता फाटून बाहेर येईल. या खोलीत असा गर्भ कुणी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. साहेब बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच मान मागे घेतली, जसं काही फार वेळ बघितलं तर ते चोरी होईल. सातवा थेंब वहिनीने बघितला. तो अर्ध्यावर होता, थकलेला.

"सातात एक," साहेब म्हणाले. "याने काहीच सिद्ध होत नाही, फुंकर. योगायोगही असेल. निदान दहा खेपा अशाच बंद ठेवून बघायला पाहिजे." पण हे बोलताना त्यांनी चिकटपट्टीचं नवं वेटोळं खिशातून काढून टेबलावर ठेवलं होतं.

गर्भ आजीच्याच वगारीच्या पोटात सोडायचा असं आधीपासून ठरलेलं होतं. वगार म्हणजे अजून न व्यालेली तरणी म्हैस. तिला त्या दिवसासाठी औषधं देऊन तयार केलं होतं, दिवसांची ती बेरीज चुकवून चालणार नव्हती. पण ठरलं होतं ते आजी रागवायच्या आधी. आता ती दारात उभं करेल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि दुसरी तयार वगार नव्हती. वहिनीने गर्भ बारीक नळकांडीत भरला, नळकांडी रुमालात गुंडाळली, पोटाशी धरली आणि गाडीत बसली.

गोठ्यात जांभळीचा खुंटा रिकामा होता. खालची जमीन आजीने धुवून काढली होती आणि तिथे काहीच ठेवलं नव्हतं. आजी वगारीपुढे वैरण टाकत होती. गाडीचा आवाज तिने ऐकला होता, तरी वळली नाही. साहेब आणि सिलिंडर दारातच थांबले. वहिनी पुढे गेली, हात अजून पोटाशीच.

"आजी."

आजीने वैरणीची शेवटची मूठ टाकली, हात झटकले. "किती?"

"एक."

"सातातून?"

"एकच."

आजीने त्या धुतलेल्या जागेकडे बघितलं. वहिनीच्या पोटाशी धरलेला हात आता दुखायला लागला होता, पण हलवायचा धीर नव्हता. साहेबांनी बाहेर चुळबूळ केली. उशीर होत होता.

"जांभळी तरी कुठे दोन होत्या," आजी म्हणाली, आणि वगारीच्या गळ्यातलं दावं आखूड करून तिचं डोकं स्वतःच्या बगलेत घट्ट धरलं. "उभी राहा नीट. लाजायला काही झालं नाहीये."

साहेबांनी काम उरकलं. हात इतका हळू चालला होता की सिलिंडरनेही श्वास धरला होता. नळकांडी बाहेर आली ती रिकामी. वहिनीने ती उजेडाकडे धरून बघितली, परत बघितली, मग गर्भ आत गेल्याची मान डोलावली.

आजीने वगारीचं डोकं सोडलं. "आता कधी कळणार?"

"इतक्यात नाही. आणि मध्ये सारखं तपासायचं पण नाही."

"तुमच्या धंद्यात आंधळ्यांचीच भरती होते वाटतं," आजी म्हणाली. तिचा हात वगारीच्या पाठीवरून शेपटीपर्यंत गेला आणि पुन्हा मानेपाशी आला. मग तिने तिघांकडे बघितलं. तिघंही वगारीकडे एकटक बघत उभे होते.

"निघा आता," ती म्हणाली. "गर्दी करू नका तिच्याभोवती."